घड्याळाला तेल किती लागते?

घड्याळ सगळ्यांनी पाहिलेले आहे. पण ते आतून कसे चालते हे फार थोड्यांना ठाऊक असते. मलाही नव्हते. मी आमच्या आबांचे घड्याळ दुरुस्त करायला गेले आणि बिघडवून बसले. त्यातून जे कळले ते भित्तिपत्रकात लिही, असे गुरुजी म्हणाले. म्हणून लिहिते.

आबांचे घड्याळ गजराचे आहे. त्याला सेल लागत नाही, चावी द्यावी लागते. पाठीमागे दोन चाव्या आहेत. एक चालण्याची आणि एक गजराची. रात्री जेवण झाले की आबा दोन्ही चाव्या देतात. घरातला मोबाईल बाबांबरोबर कारखान्यावर जातो. म्हणून पाटाच्या पाण्याची पाळी रात्रीची आली की आबा या घड्याळावरच उठतात.

दिवाळीनंतर घड्याळ मागे पडू लागले. रोज वीस मिनिटे मागे. आबा म्हणाले, "म्हातारं झालं माझ्यासारखं." मला वाटले, आजीच्या शिलाई मशीनला तेल घातले की ते हलके चालते, तसेच याचेही असेल. आबा रानात गेल्यावर मी पाठीमागच्या भोकातून कोंबडीच्या पिसाने खोबरेल तेल सोडले. चांगले पाच-सहा थेंब. घड्याळ बरे चालू लागले. आबा खूष झाले. म्हणाले, "आपोआप सुधारलं की गं!" मी काही बोलले नाही. मनातल्या मनात मी घड्याळजी झाले होते.

मग कडाक्याची थंडी पडली. एका रात्री आमची पाळी पहाटे तीनची होती. आबांना जाग आली तेव्हा चांगले उजाडले होते. घड्याळात पावणेदोन वाजले होते आणि ते बंद होते. आबा तसेच अनवाणी पळाले. पण पाळी संपून पाणी पुढच्या रानात गेले होते. आमचे गव्हाचे वाफे कोरडेच राहिले. घरी येऊन आबा म्हणाले, "मीच चावी द्यायला विसरलो असेन." आबा विसरले नव्हते. चावी देताना मी पाहिले होते.

मला फार वाईट वाटले. पण सांगायचा धीर होईना. कुणाला कळायच्या आत घड्याळ नीट करू, असे ठरवून मी ते माळ्यावर नेले. चाव्या उलट्या फिरवल्या की निघून येतात. मग मागचा पत्रा काढला. आत दोन पितळी पत्रे होते आणि त्यांच्या मधे चाके. चार कोपऱ्यांना चार नट. तीन सोडवले. चौथा सैल केला तोच आतून खाडकन आवाज झाला. कमान सुटली. चाके उडाली. एक तर कणगीमागे गेले. माझ्या बोटाला कापले आणि रक्त आले.

आजीने हळद दाबली. मग मी रडत रडत आबांना सगळे सांगितले. खोबरेल तेलाचेही सांगितले. आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चाकं मोजून गोळा कर. रविवारी बाजाराला जाऊ."

आठवडी बाजारात एक घड्याळवाले काका बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि चिमट्याने एक चाक उचलून मला दाखवले. त्याच्या टोकाला पांढरे पांढरे काहीतरी चिकटले होते. काका म्हणाले, "पोरी, हे तुझं खोबरेल." खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. थंडीत बाटलीतले तेल घट्ट होते ना, तसेच ते घड्याळातही झाले. मी विचारले, "एवढ्याशा तेलाने एवढं मोठं घड्याळ कसं काय थांबलं?" तेव्हा काकांनी घड्याळ कसे चालते ते समजावून सांगितले.

घड्याळाची सगळी ताकद कमानीत असते. कमान म्हणजे पोलादाची लांब पट्टी, गुंडाळी केलेली. चावी दिली की ती घट्ट होते. मग हळूहळू उलगडते आणि चाकाला फिरवते. उलट फिरू नये म्हणून तिला एक खिटी असते. चावी देताना करकर वाजते ती हीच.

कमानीचे चाक सावकाश फिरते. ते पुढच्याला जोरात फिरवते, ते त्याच्या पुढच्याला आणखी जोरात. सायकलचे पायडल एकदा फिरले की मागचे चाक दोन-तीन वेळा फिरते, तसे. पण वेग वाढतो तेवढी ताकद कमी होते. शेवटच्या चाकापाशी ती अगदी थोडी उरते. काकांनी चाके धुऊन बसवली आणि शेवटचे चाक नुसत्या फुंकरीने फिरवून दाखवले. एवढ्या थोड्या ताकदीला गोठलेले तेल म्हणजे चिखलच.

मग चाके भराभर फिरून कमान एकदम का संपत नाही? कारण शेवटच्या चाकाला एक अडसर असतो. तो जहाजाच्या नांगरासारखा दिसतो. त्याच्या पलीकडे बॅलन्सचे चाक झोके घेते. त्याला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. दर झोक्याला अडसर थोडा हलतो आणि चाक ठरलेले तेवढेच पुढे सरकते. टिकटिक ऐकू येते ती याचीच. गुरुजींनी सांगितले की, हायगेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १६७५ साली अशी बारीक स्प्रिंग घड्याळाला लावून दाखवली.

काकांच्या हातात 'जनता' नावाचे जुने चावीचे घड्याळ होते. ते एच.एम.टी.चे. या कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळे करायला सुरुवात केली. तिची घड्याळाची कंपनी बंद करायचे सरकारने २०१६ साली ठरवले. पण काकांचे घड्याळ अजून चालते. त्याचे एका तासात १८,००० टिकटिक होतात. म्हणजे सेकंदाला ५. मी गणित करून पाहिले, दिवसाला ४,३२,००० होतात! चाकांची टोके झिजू नयेत म्हणून त्यात १७ माणके बसवलेली असतात. ती कारखान्यात तयार केलेली असतात.

मग काकांनी वाकलेले टोक सरळ केले. सगळे भाग पेट्रोलने धुतले. ते काम त्यांनी मला करू दिले नाही आणि जवळ विडीही पेटवू दिली नाही. पत्र्यांची भोके मी बांबूच्या टोकदार काडीने साफ केली. काडी दर वेळी काळी होऊन निघे. जुने तेल आणि धूळ यांची ती मळी होती. घड्याळ मुळात मागे पडत होते ते या मळीमुळे. त्यावर मी आणखी तेल ओतले होते!

जोडायचे काम काकांनी मला दिले. वरचा पत्रा बसवताना सगळ्या चाकांची टोके एकाच वेळी आपापल्या भोकांत जावी लागतात. एक बसले की दुसरे निसटे. तीनदा चुकले. चौथ्यांदा बसले. मग काकांनी सुईच्या टोकावर तेल घेऊन प्रत्येक भोकाला अगदी मोहरीएवढे लावले. दातांना तेल लावायचे नाही, त्यांना धूळ चिकटते.

काकांनी सांगितलेल्या गोष्टी लक्षात ठेवा:

१. घड्याळ खोलण्याआधी कमानीतला जोर काढून टाकावा. चावी घट्ट धरून खिटी उचलायची आणि थोडी थोडी सोडायची. हे मोठ्या माणसाकडून करून घ्यावे.

२. निघेल तो भाग ताटलीत ओळीने ठेवावा आणि कागदावर चित्र काढावे.

३. आधी मळी काढावी, मग तेल लावावे. तेल घड्याळाचेच असावे. खोबरेल, गोडेतेल घालू नये.

४. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय खोलू नये. बिघडली तर लगेच सांगावे.

चौथी गोष्ट काकांनी सांगितलेली नाही. ती माझी आहे. मी तेव्हाच सांगितले असते तर त्या रात्री आबा घड्याळावर विसंबून झोपले नसते.

आता घड्याळ नीट चालते. रात्री चावी मीच देते. पण पुढच्या पाळीपर्यंत त्या वाफ्यांतला गहू बुटका राहिला. शाळेत येताना तो मला रोज दिसतो.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी