नगर कर्ज कसे काढते?

घरपट्टीचे बिल हाती पडले की, वैनगंगा उशाशी वाहत असता नळयोजनेसाठी नगरपरिषदेने कर्ज काढावेच का, असा प्रश्न भंडाऱ्याच्या घरमालकास पडणे स्वाभाविक आहे. परंतु भूमीत पुरलेली जलवाहिनी कित्येक दशके चालते. तिचा समग्र भार एकाच वर्षीच्या करदात्यांवर न पडता पुढील उपभोक्त्यांतही वाटला जावा, म्हणून कर्जरोखे असतात. पुणे महापालिकेने 2017 साली पाणीपुरवठ्यासाठी 7.59 टक्के व्याजाने 200 कोटींचे रोखे विकले, त्यामागचे खरे तारण मालमत्ता कराची आवक हेच होते. वसुली आधी स्वतंत्र खात्यात जाते, तिथून धनकोचा हप्ता फिटतो आणि मगच उरलेली रक्कम खजिन्यात येते. शिवाय स्थानिक संस्थांच्या कर्जांविषयीच्या 1914च्या कायद्याने सरकारी मंजुरीची वेसण आहेच. तेव्हा नगरपरिषदेचा कर्ज काढण्याचा अधिकार काढून घेऊ नये. मात्र कराच्या थकबाकीची नोंदवही पाहिल्याविना नगरसेवकांनी कर्जाच्या ठरावास हात वर करू नये.