कडव्याचा थांबा : ओवीपासून दशपदीपर्यंत

कवीने कडवे कुठे संपवले, यावरून त्याचा विचार कसा चालतो ते कळते. मराठीत हे सर्वांत स्वच्छ दिसते ते ओवीत.

शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९० ची ज्ञानेश्वरी घ्या. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक. चौथा चरण आखूड आणि बिनयमकाचा. तीनदा यमक ऐकलेला कान चौथ्यांदाही त्याची वाट पाहतो, आणि नेमके तिथेच ते मिळत नाही. ओवी संपते, पण मिटत नाही. वाचणारा आपसूक पुढच्या ओवीकडे सरकतो. म्हणून तर ज्ञानदेव एका ओवीत 'जैसा' म्हणून दृष्टान्त मांडतात, त्याला दुसरा जोडतात, आणि 'तैसा' येतो तो पुढच्या एखाद्या ओवीत. अक्षरसंख्येचे बंधनही सैल. नऊ हजारांहून अधिक ओव्यांचे निरूपण पेलायला असाच वाहता बंध हवा होता.

मोठ्या अभंगाचा चौथा चरणही आखूडच, पण त्याची चाल वेगळी. सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. इथे अक्षरे मोजलेली असल्याने चार अक्षरांवर आल्यावर ठाम विसावा मिळतो. कीर्तनात प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपदाकडे परतायचे असते. त्यासाठी हा विसावा लागतोच.

श्लोक मात्र चारी बाजूंनी बंद. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत भुजंगप्रयाताचे बारा-बारा अक्षरांचे चार सारखे चरण आहेत. २०५ श्लोकांतला कोणताही एक सुटा काढून म्हणता येतो, तो या बांधणीमुळेच.

केशवसुतांच्या 'मयूरासन आणि ताजमहाल' (१८९२) या कवितेपासून मराठीत सुनीत आले. चौदा ओळींत आठांनंतर विचाराला वळण द्यायचे, ही त्यातली खरी कसोटी. ते वळण नसेल तर चौदा ओळी मोजून काय उपयोग? गझलेत तर प्रत्येक शेर स्वतंत्र कविता; काफिया आणि रदीफ तेवढे त्यांना एकत्र ठेवतात.

मुक्तछंदाने कडवे मोडले, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. यमक आणि मात्रा गेल्यावर थांबा दाखवायला कवीच्या हाती कोरी ओळच उरते, म्हणजे तिची जबाबदारी वाढते. मुक्तछंद रुजवणारे अनिलच पुढे दहा ओळींच्या दशपदीकडे वळले, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

आज जागा वाचवण्यासाठी दोन कडव्यांमधली कोरी ओळ बिनदिक्कत काढली जाते. संपादकांनी आणि अक्षरजुळणी करणाऱ्यांनी ती काढू नये, ही कळकळीची विनंती. आणि वाचकहो, या अंकातल्या कविता मोठ्याने वाचा. कवी जिथे थांबला आहे, तिथे तुम्हीही थांबा.