सेल्फ घेत नाही! – जुन्या गाडीकडून शिकलेली निदानाची पद्धत

'पेट' किंवा 'नेट'ची तयारी करताना आपण गृहीतक, चल, नियंत्रण हे शब्द पाठ करतो. व्याख्या विचाराल तर धडाधड सांगू. पण समोरची एखादी गोष्ट बिघडली की यातलं काहीच आठवत नाही, आणि जे सुचेल ते बदलून बघायला आपण सुरुवात करतो. मीही तेच केलं होतं, तेही प्रयोगशाळेत दोन वर्षं काढल्यानंतर. म्हणून आज उदाहरण घेऊ या आमच्या घरच्या जुन्या मारुती 800चं. कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडर, 796 सीसी.

तक्रार साधी होती. सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ एक-दोनदा जडपणे घर्र करायचा आणि थांबायचा. कधी कधी नुसता 'टक्'. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यांनी लगेच सांगितलं, "बॅटरी गेली." बॅटरी चार वर्षांची होती, त्यामुळे पटलंही. नवी टाकली, गाडी सुरू झाली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवला, कार्बन बदलले. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी आईला तपासणीला न्यायचं होतं आणि गाडी जागची हलेना. शेवटी रिक्षा केली. तोवर सहा हजारांच्या वर पैसे गेले होते आणि बिघाड मात्र जिथल्या तिथे होता.

आता तुम्ही सांगा, चुकलं कुठे? दोन्ही वेळा भाग बदलल्यावर गाडी सुरू झाली होती की! या प्रश्नाकडे आपण शेवटी परत येऊ.

आधी तक्रार नीट मांडा

'गाडी सुरू होत नाही' हे निरीक्षण अर्धवट आहे. त्यात दोन अगदी वेगळे बिघाड लपलेले असतात. पहिला, सेल्फ इंजिनाला फिरवतच नाही. दुसरा, सेल्फ व्यवस्थित फिरवतो पण इंजिन पकडत नाही. पहिल्यात बॅटरी, जाड केबल, किल्लीचा स्विच, सोलेनॉइड, सेल्फ यांच्याकडे बघायचं. दुसऱ्यात ठिणगी, पेट्रोल, कॉम्प्रेशन आणि टायमिंग. सेल्फ जोमात फिरत असेल तर बॅटरी बदलण्यात काही अर्थ नाही, आणि सेल्फ फिरतच नसेल तर प्लग काढून साफ करण्यात नाही. कानाने ऐकून केलेल्या या एका विभागणीने निम्मी यादी गळून पडते.

धक्का मारूनही हीच विभागणी करता येते. धक्क्यावर गाडी पटकन सुरू झाली, तर ठिणगी आणि पेट्रोल ठीक आहे, बिघाड फिरवणाऱ्या बाजूला आहे. पण लक्षात घ्या, यातून बाजू कळते, भाग कळत नाही. बॅटरी उतरलेली असो, सेल्फ खराब असो की केबल, तिन्ही वेळा गाडी धक्क्यावर सुरू होईल. एका चाचणीतून जेवढं निघतं तेवढंच काढायचं, ही सवय प्रबंध लिहिताना फार उपयोगी पडते.

पुढची विभागणी : दिवे लावा आणि किल्ली फिरवा

हेडलाइट लावून किल्ली फिरवा आणि दिव्यांकडे बघा. दिवे मुळातच लागत नसतील किंवा किल्ली फिरवताच पार विझत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे खूप मंद होऊन 'टकटकटक' असा भराभर आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा बॅटरी अशक्त असते. दिवे तसेच प्रखर राहिले आणि आवाजच आला नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही. तेव्हा किल्लीचा स्विच आणि सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर तपासायची. दिवे थोडेच मंद झाले आणि एकच 'टक्' आला, तर सोलेनॉइड ओढला जातोय, पण मोटरला पुरेसा करंट मिळत नाहीये किंवा मोटरच खराब आहे.

आमची गाडी या शेवटच्या गटात होती. म्हणजे संशयित उरले दोन : सेल्फ किंवा जाड केबल.

माझी चूक

मी मल्टिमीटर आणला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग इंजिनाकडे जाणाऱ्या अर्थच्या केबलची कंटिन्युइटी बघितली. 'बीप' वाजलं. मी बाबांना छातीठोकपणे सांगितलं, "केबल ठीक आहे."

केबल ठीक नव्हती. मी अशी चाचणी केली होती, जी अशा बिघाडात कधी नापास होऊच शकत नाही. हिशोब बघा. सेल्फ फिरताना 100 अँपिअरच्या आसपास करंट जातो. जोडात गंजामुळे फक्त 0.03 ओहमचा अडथळा असेल, तरी 100 × 0.03 म्हणजे 3 व्होल्ट तिथेच खर्च होतात. मल्टिमीटर मात्र कंटिन्युइटी बघताना मिलिअँपिअरच्या घरातला करंट सोडतो. त्याला 0.03 ओहम दिसतच नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. केबलच्या शंभर तारांपैकी पाचच शाबूत असत्या तरी 'बीप' वाजलंच असतं.

म्हणून मोजमाप भार असतानाच घ्यायचं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर काढलेली. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच), दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. आता कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा, पाच सेकंदांपेक्षा जास्त नको. चांगल्या जोडावर 0.2 व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आमच्याकडे आला 3.1. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांमध्ये 11.2 व्होल्ट होते. फिरवताना 9.6च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायचा, तेव्हा बॅटरी निर्दोष. सेल्फच्या वाट्याला मात्र जेमतेम 8 व्होल्ट येत होते.

गिअरबॉक्सवरचा अर्थचा बोल्ट खोलला. लगच्या खाली गंजाचा थर होता. पॉलिश पेपरने घासला, घट्ट आवळला. आकडा आला 0.1. कॉइलची वायर लावली, गाडी पहिल्या किल्लीत सुरू. खर्च पॉलिश पेपरचा.

मग आधी दोनदा सुरू कशी झाली?

बॅटरी बदलताना टर्मिनल खोलली जातात, केबल हलते, ओढली जाते. सेल्फ उतरवताना तर त्याच भागात पाने चालतात. दोन्ही वेळा तो गंजलेला जोड थोडा हलला आणि काही दिवस बरा चालला. आम्हाला वाटलं आपण एकच गोष्ट बदलली. प्रत्यक्षात दोन बदलल्या होत्या, आणि श्रेय भलत्यालाच गेलं. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला गोंधळ घालणारा चल म्हणतात. भाग न बदलता नुसती टर्मिनल खोलून पुन्हा बसवली असती आणि गाडी तेवढ्याने सुरू झाली असती, तर बॅटरीचा दावा तिथेच कोसळला असता. ती आमची नियंत्रित चाचणी ठरली असती, आणि फुकट.

जॉन प्लॅट यांनी 1964 साली 'सायन्स'मध्ये 'स्ट्राँग इन्फरन्स' नावाचा लेख लिहिला होता. पर्यायी गृहीतकं आधी मांडा, मग त्यांतलं निदान एक तरी बाद करेल असा प्रयोग आखा, आणि उरलेल्यांवर हेच पुन्हा करा, हे त्याचं सार. मुलाखतीच्या आधी जरूर वाचा. आमच्या अंगणात आम्ही तेच करायला हवं होतं.

तुमच्या विषयात गाडी नसेल. पीसीआरमध्ये पट्टा येत नसेल, प्रश्नावलीतला एखादा घटक जुळत नसेल, कोड चालत नसेल. तेव्हाही नवा किट मागवण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा : नेमकं काय दिसतंय, कोणकोणत्या कारणांनी ते दिसू शकतं, आणि कोणतं मोजमाप आलं तर माझा लाडका अंदाज चूक ठरेल. तिसरी ओळ रिकामी राहिली तर थांबा. तुम्ही करणार आहात ती चाचणी बहुधा माझ्या 'बीप'सारखी आहे.