कपाशीचं फूल वहीत उतरवताना

देवळीच्या काळ्या रानात कपाशीला पाती-फुलं लागली की वही-पेन्सिल घेऊन बांधावर बसा. आधी पातीला झाकणारी तीन रुंद, कातरलेल्या कडांची हिरवी छदपर्णं काढा. मग एकमेकींवर पिळून चढलेल्या पाच पाकळ्या. मधोमध पुंकेसरांचे तंतू जुळून नळी होते आणि तिच्यातून स्त्रीकेसराचं टोक वर डोकावतं. ही नळी एकदा हाताखालून गेली की भेंडी, अंबाडी, जास्वंदीच्या फुलांतही ती लगेच ओळखू येते. ही सगळी एकाच, माल्व्हेसी कुळातली. फोटो काढताना हे निसटतं. चित्र काढताना प्रत्येक रेघ ठरवावीच लागते. रंग मात्र लवकर भरा. सकाळी फिकट पिवळं उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेलं असतं.

पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० दरम्यान एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची अशीच चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. इतक्या कसबी चित्रकाराचं नाव मात्र मागे उरलं नाही, याची फार हळहळ वाटते. तुम्ही चित्राखाली तारीख, गाव आणि स्वतःचं नाव जरूर लिहा.