देण्याघेण्याची नाती (भाग 6) : राजाच्या हद्दीबाहेर

12 जानेवारी 1925 ची संध्याकाळ. मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण, धनाढ्य व्यापाऱ्याच्या मोटारीला दुसरी मोटार येऊन धडकली. तिच्यातून उतरलेल्या माणसांनी बावलावर गोळ्या झाडल्या आणि शेजारी बसलेल्या मुमताज बेगमला बाहेर ओढायला सुरुवात केली. झटापटीत तिच्या चेहऱ्यावर सुरीचे वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोहोचले. लेफ्टनंट सीगर्ट यांनी हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपलं. ते स्वतः जखमी झाले, पण बाईला नेऊ दिलं नाही. बावला मात्र वाचला नाही.

धागा निघाला तो थेट इंदूरच्या राजवाड्यात.

मुमताज ही इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या पदरी होती. नाचगाण्यातून आलेल्या या मुलीला दागदागिने, पैसा, इतमाम सगळं मिळालं. बदल्यात तिने फक्त महाराजांचं असायचं होतं. असा व्यवहार वरून दोघांच्या राजीखुशीचा दिसतो. पण मोडायची वेळ आली की त्याचं खरं रूप कळतं. जवळपास दहा वर्षांनी तिला निघून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. इंदुरात झालेल्या आपल्या मुलीला दायांनी मारलं, असा आरोप तिने पुढे जाहीरपणे केला. मुलगी गेल्यावर तिथे राहणं तिला असह्य झालं.

कोल्हापूरकरांना संस्थानी अंमल सांगायला नको. 1 मार्च 1949 ला विलीनीकरण होईपर्यंत आपल्याकडेही राजाचाच हुकूम चालत होता. इंदुरात पोलीस महाराजांचे, न्यायाधीश महाराजांचे. दाद मागायची कुणाकडे? म्हणून मसुरीला नेत असताना मुमताजने दिल्ली स्टेशनवर पुढे जायला ठाम नकार दिला. पारडं फिरलं ते तिथे. दिल्लीत ब्रिटिश कायदा होता, होळकरांचा हुकूम नव्हता. तिथून ती अमृतसरला आणि पुढे मुंबईत बावलाच्या आश्रयाला गेली. परत यावं म्हणून इंदूरची माणसं मागे लागलेलीच होती. मनधरणी संपली तेव्हा पिस्तुलं निघाली.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे चालला. इंदूरच्या फौजेतले वरिष्ठ अधिकारी आनंदराव फणसे यांचे वकील होते बॅरिस्टर जिना. पण साऱ्या खटल्याचा कणा होती मुमताजची साक्ष. चेहऱ्यावर वण घेऊन ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि बोलली. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, फणसेंना जन्मठेप काळ्या पाण्याची. आरोपींच्या मागे आणखी कुणीतरी आहे, हे न्यायमूर्तींनीही सूचित केलं. लोकांना मात्र या सगळ्यात करमणूकच दिसली. त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीने या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला.

संस्थानिकाला ब्रिटिश न्यायालयात आरोपी करता येत नव्हतं. सरकारने तुकोजीरावांपुढे दोनच वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी मुलगा यशवंतराव याच्यासाठी गादी सोडली. ज्या बाईला त्यांनी आपल्या मालकीची मानलं, तिने तोंड उघडल्यामुळे हे घडलं, असंच म्हणावं लागेल. पण तो न्याय अर्धाच होता. 1928 मध्ये तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं आणि 1978 मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. बावलाच्या खुनासाठी त्यांच्यावर खटला कधीच चालला नाही.