न ऐकता मागवलेला सबवूफर घरी आल्यावर वेगळा का वाजतो?

मोशी, रावेत, चिखली किंवा चाकणच्या नव्या सोसायटीत फ्लॅटचा ताबा मिळाला की टीव्हीपाठोपाठ साउंडबार नाहीतर होम थिएटर येतंच. पूर्वी त्यासाठी पिंपरी कॅम्पात चक्कर व्हायची, नाहीतर पुण्यातली तपकीर गल्ली गाठावी लागायची. आता फोटो, वॅटचा आकडा आणि स्टार बघून मोबाइलवरून ऑर्डर जाते. खोकं उघडल्यावर मात्र दोनपैकी एक तक्रार ठरलेली असते. एक तर 'बेसच नाही', नाहीतर 'नुसतं घुमतंय'.

गंमत म्हणजे एकाच मॉडेलबद्दल या दोन्ही तक्रारी येतात, आणि दोन्ही खऱ्या असू शकतात.

कारण जाड आवाज एकटा सबवूफर बनवत नाही, खोलीही बनवते. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट असते. आपल्याकडची बेडरूम १० बाय १२ फुटांची. एवढी लांब लहर त्या खोलीत मावत नाही. ती भिंतींवर आपटून परत येते आणि स्वतःवरच चढते. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा आणि १२ फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर असा अडकून राहतो. भिंतीला टेकून बसलेल्याला तो स्वर छातीत जाणवतो. खोलीच्या बरोबर मध्ये बसलेल्याला तोच स्वर जवळपास ऐकूच येत नाही. बास गिटारची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे हा सगळा गोंधळ नेमका सबवूफरच्याच हद्दीत होतो.

मग दुकानात ऐकून घेतला असता तर? वरच्या आवाजांपुरता, म्हणजे गाणाऱ्याचा गळा किंवा सिनेमातले संवाद स्पष्ट येतात का हे कळण्यापुरता, त्याचा उपयोग नक्की होतो. बेसबद्दल मात्र दुकानातला अनुभव दुकानापुरताच. तिथला हॉल मोठा, भिंतीला रॅक, बाजूला आणखी दहा स्पीकर. शिवाय दोन स्पीकर शेजारी वाजवले की जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. हे विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं.

मोटारी बनवणारे या बाबतीत जास्त शहाणे आहेत. महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत हर्मन कार्डनची १६ स्पीकरची यंत्रणा मिळते. गाड्यांच्या इन्फोटेन्मेंट यंत्रणा बनवणाऱ्या हर्मनचा कारखानाही चाकणमध्येच आहे. अशी यंत्रणा कॅटलॉगमधून उचलून दारात बसवत नाहीत. त्या विशिष्ट गाडीच्या केबिनमध्ये मायक्रोफोन ठेवून, काच, सीट आणि छताचा परिणाम मोजून, प्रोसेसरमधून आवाज जुळवतात. घरासाठी हे काम करायला कोणी येत नाही. (काही महाग साउंडबार आणि एव्ही रिसीव्हरमध्ये खोली मोजण्याची सोय असते. ती असेल तर वापरावी. बरेच जण ती पायरी कंटाळून सोडून देतात.)

हाताने करण्याजोगा एक जुना उपाय आहे. सबवूफर तात्पुरता आपण जिथे बसतो त्या सोफ्यावरच ठेवायचा, एकसारखा बेस असलेलं गाणं लावायचं आणि खोलीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत फिरायचं. जिथे बेस स्वच्छ आणि सारखा ऐकू येईल, तिथे सबवूफरची कायमची जागा. घरचे हसतील, पण हे चालतं. कोपऱ्यात ठेवला तर आवाज सर्वात मोठा येतो आणि बहुधा सर्वात जास्त घुमतोही.

जाहिरातीतले आकडे

ऑनलाइन पानावर ठळक छापलेला आकडा म्हणजे वॅट. 'पीएमपीओ' असं लिहिलेला आकडा सरळ सोडून द्यावा. तो क्षणभराच्या, कागदावरच्या ताकदीचा असतो आणि तो मोजण्याची एक ठरलेली पद्धतच नाही. 'आरएमएस' म्हणजे सतत देता येणारी ताकद, पण तिथेही एक साधी पडताळणी करता येते. ॲडॉप्टरवर चालणारा स्पीकर असेल तर ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणायचे. १५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे ३० वॅट. ज्याच्या पोटात ३० वॅट जातात, तो सतत ६० वॅट बाहेर देऊ शकत नाही. ॲडॉप्टरचा फोटो पानावर नसेल तर खाली प्रश्नोत्तरांत विचारावं.

तरीही वॅटमागे फार धावण्यात अर्थ नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट ताकद लागते. त्यामुळे ८० आणि १०० वॅटमधला फरक कानाला जवळपास कळतच नाही.

त्यापेक्षा फ्रीक्वेन्सीची ओळ नीट वाचावी. '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल तर त्यातून काहीच समजत नाही, ती नुसती माणसाच्या कानाची मर्यादा आहे. '४५ हर्ट्झपासून, अधिक-उणे ३ डेसिबल' असं लिहिणारी कंपनी निदान मोजून बोलते. पाच इंची शंकू आणि छोटी पेटी असेल, तर नाव सबवूफर असलं तरी ५० हर्ट्झच्या खाली त्याच्याकडून फारसं काही होत नाही. परदेशातून येणाऱ्या मालावर २३० व्होल्ट लिहिलंय ना, हेही बघावं. अमेरिकेसाठी बनवलेला फक्त १२० व्होल्टचा सबवूफर इथल्या प्लगमध्ये लावला तर पहिल्याच दिवशी जळेल.

रिव्ह्यूंपैकी डिलिव्हरीच्या दिवशी लिहिलेले 'एक नंबर, बेस भारी' वगळावेत. तीन स्टारवाले आणि सहा महिन्यांनी लिहिलेले वाचावेत. गुणगुण येते का, रिमोट टिकला का, सर्व्हिस सेंटरने काय सांगितलं, हे त्यांतच सापडतं.

भिंतीपलीकडचा माणूस

हा मुद्दा एमआयडीसीच्या पट्ट्यात विशेष महत्त्वाचा आहे. इथे तिन्ही शिफ्टमध्ये कामं चालतात. सकाळी सात-साडेसातला घरी आलेला शेजारी दुपारी बारा वाजता गाढ झोपेत असतो. जाड आवाज भिंतीने फारसा अडत नाही, स्लॅबमधून तर वरच्या-खालच्या मजल्यावर सहज जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही मोजणी माणसाच्या कानाशी जुळवलेल्या 'ए' मापात होते, आणि त्यात ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. थोडक्यात, मीटर शांत असतो आणि शेजाऱ्याची खिडकी थरथरत असते. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोम ठेवला तर जमिनीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा आवाज तेवढाच राहतो. बारा इंचीऐवजी आठ इंची घेणं हा फ्लॅटसाठी बऱ्याचदा जास्त समजूतदार सौदा ठरतो.

परत घेतील का?

आपल्या खोलीत, आपल्या सोफ्यावर बसून चार दिवस ऐकणं ही कुठल्याही शोरूमपेक्षा चांगली परीक्षा आहे. ऑनलाइन खरेदीचा खरा फायदा इथेच होऊ शकतो, पण वस्तू परत करता येत असेल तरच. म्हणून किमतीच्या आधी परतीची ओळ वाचावी. 'सात दिवस रिटर्न' आणि 'सात दिवस रिप्लेसमेंट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात बिघडलेल्या वस्तूच्या बदल्यात तीच वस्तू मिळते, पैसे नाहीत.

युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. भारतात असा सरसकट हक्क नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांपेक्षा वेगळी असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. 'आवाज आवडला नाही' हे त्यात बसत नाही. '१०० वॅट आरएमएस' सांगून ३६ वॅटचा ॲडॉप्टर पाठवला असेल, तर ते बसतं. त्यासाठी ऑर्डर करतानाच पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, खोकं उघडताना व्हिडिओ करावा आणि परतीची मुदत संपेपर्यंत थर्माकोलसकट खोकं जपून ठेवावं. दहा-बारा किलोचा सबवूफर मूळ पॅकिंगशिवाय परत पाठवणं फार जिकिरीचं होतं.

विक्रेता ऐकत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेच तक्रार दाखल होते. विक्रेत्याचं ऑफिस दिल्लीत असलं, तरी चाकणच्या ग्राहकाला पुण्यातच दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचं शुल्कही लागत नाही.