सवाल, जवाब आणि झील : ‘भेदिक शाहीर’ नावाचा सबक्लास घडवताना

मागच्या वेळी आपण न्यायसूत्रांपाशी थांबलो होतो आणि आज मी फळ्यावर वीस बाजूंचा फासा काढलाय, त्यामुळे पुढच्या रांगेत जरा काळजीचं वातावरण दिसतंय. (हशा.) काळजी करू नका, विषय तोच आहे. वादाचे नियम. फक्त आज आपण ते बघण्याऐवजी बनवून बघणार आहोत.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा, गोष्ट रचत जाण्याचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. एक जण सूत्रधार, त्याला डीएम म्हणतात; बाकीचे एकेक पात्र घेतात. जे करायचं ते तोंडाने सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो, म्हणजे पेशा म्हणा: कुणी फायटर, कुणी विझर्ड, कुणी बार्ड. बार्ड म्हणजे गाण्याच्या, शब्दाच्या जोरावर काम करणारा. आणि क्लासच्या पोटात सबक्लास, म्हणजे घराणं. गाणारे सगळेच, पण किराण्याचा वेगळा आणि ग्वाल्हेरचा वेगळा.

पुस्तकात नसलेला सबक्लास आपण स्वतः तयार केला तर त्याला होमब्रू म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ घरी गाळलेलं पेय. मराठीत हातभट्टी. (हशा.)

ही हातभट्टी आमच्या घरात लावली माझ्या नातीने. ती अकरावीत आहे. इथेच, आपल्या चिखलोलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, दर रविवारी ती पाच मुलं खेळतात. तिच्या डोक्यात आलं की बार्ड म्हणून तो परदेशी ल्यूट वाजवणारा कशाला, आपला शाहीर का नको? आणि नुसता शाहीर नाही, कलगी-तुऱ्याचा शाहीर. ते तिला माझ्याकडून कळलं होतं. मला माझ्या मामांकडून. मामा परळला गिरणीत साचेखात्यात होते आणि रात्री कलगीच्या बाजूने उभे राहायचे. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची घरं गिरणगावातून, कोकणातून अंबरनाथ-बदलापूरकडे सरकलेली आहेत. तुम्ही जाखडी पाहिली असेल, शक्ती-तुरा म्हणून.

तरी सांगते. दोन पक्ष. कलगीवाले म्हणतात शक्ती श्रेष्ठ, माया, प्रकृती श्रेष्ठ. तुरेवाले म्हणतात शिव श्रेष्ठ, पुरुष, ब्रह्म श्रेष्ठ. गण होतो, गवळण होते आणि मग सवाल सुरू. एका बाजूचा शाहीर कूट टाकतो, दुसऱ्याने त्याचा भेद उकलायचा. म्हणून भेदिक. मागे झीलकरी सूर धरून. (आपल्याकडे अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, त्यामुळे या तालुक्यात तुऱ्याचं पारडं आधीपासूनच जड. मामांना हे मान्य नव्हतं.)

आता नातीचा पहिला नियम ऐका. खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बार्डला तिसऱ्या लेव्हलला सबक्लास मिळतो. पुढे सहाव्या आणि चौदाव्या लेव्हलला त्यात भर पडते. तिने तिसऱ्या लेव्हलला लिहिलं: शाहीर शत्रूला कूटप्रश्न विचारतो. शत्रूने बुद्धीचा फासा टाकायचा. चुकला तर तो एक मिनिट स्तब्ध. कितीही वेळा वापरा.

वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटलं. मीच म्हटलं, ‘‘वा, झकास.’’

गणित बघा. तिसऱ्या लेव्हलचा बार्ड, करिष्मा १६. त्याच्या प्रश्नाची अवघडता ८ अधिक २ अधिक ३, म्हणजे १३. समोर ओगर. ओगरची बुद्धी ५, म्हणजे फाशातून ३ वजा. वाचायचं तर त्याला वीसपैकी १६ किंवा जास्त पडायला हवेत. म्हणजे चारातून तीन वेळा ओगर पुतळा. आणि खेळात एक मिनिट म्हणजे दहा फेऱ्या! दहा फेऱ्या एखादा पुतळा होऊन उभा राहिला तर लढाई कसली, ती लाकूडतोड झाली.

असं काही बनवताना पहिलं काम हे, की पुस्तकात याच्या सगळ्यात जवळचं काय आहे ते शोधायचं आणि त्याची किंमत बघायची. ‘होल्ड पर्सन’ नावाचा मंत्र आहे, बार्डला तिसऱ्या लेव्हललाच मिळतो. तोही शत्रूला जखडतो. पण तो दुसऱ्या पातळीचा मंत्र, आणि त्या पातळीचे मंत्र बार्डला तेव्हा दिवसाला दोनच टाकता येतात. तो चालू असेपर्यंत एकाग्रता ठेवावी लागते. शत्रूला प्रत्येक टर्नच्या शेवटी पुन्हा सुटायची संधी मिळते. शिवाय तो माणसासारख्या प्राण्यांवरच चालतो, ओगरवर नाही. आमचा नियम यापेक्षा जबर, आणि फुकट.

पण गणित दुरुस्त करणं सोपं असतं. खरी गडबड मला तिसऱ्या रविवारी कळली. फायटर खेळणारा मुलगा मोबाइल बघत बसला होता. चौथ्या रविवारी तो आलाच नाही. नातीला वाटलं, क्लास असेल. मी खाली त्याला गाठलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘आजी, माझा टर्न येईपर्यंत सगळं संपलेलं असतं.’’

पाच मुलांचा गट आहे हो. त्यातला एक गेला की पुढच्या महिन्यात दुसरा जातो आणि हॉलमध्ये खुर्च्या उरतात. मी पस्तीस वर्षं वर्ग घेतलेत, ही उतरंड मला चांगली ठाऊक आहे.

आता तत्त्वज्ञानाचा भाग. जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने नियमांचे दोन प्रकार सांगितले. ‘गाडी डावीकडून चालवा’ हा एक. गाड्या आधीपासून होत्याच, नियमाने त्यांना शिस्त लावली. ‘उंट तिरका चालतो’ हा दुसरा. हा नियम काढला तर बुद्धिबळातला उंट उरतच नाही, लाकडाचा तुकडा उरतो. सबक्लासचे नियम या दुसऱ्या प्रकारचे. पात्राला डफ दिला, फेटा बांधला, नाव शाहीर ठेवलं, हे सगळं रंगकाम. टेबलावर शाहीर म्हणजे त्याचा नियम जे करतो तेवढाच. आणि आमचा नियम काय करत होता? समोरच्याचं तोंड बंद. न्यायसूत्रांत कथेचे तीन प्रकार आपण मागच्या वेळी पाहिले: वाद, जल्प, वितंडा. सत्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, स्वतःची बाजूच न मांडता नुसतं दुसऱ्याला पाडायचं ती वितंडा. नातीने शाहीर लिहायला घेतला होता आणि उतरला होता वितंडावादी.

दुसरी चूक त्याहून गमतीची. ओगरला शिव-शक्तीचा प्रश्न विचारला तर तो स्तब्ध का होईल? त्याला प्रश्नच कळणार नाही. तो गदा उचलेल. प्रश्न बोचतो तो ज्याला कळतो त्यालाच. आमच्या नियमात जितका मठ्ठ तितका जास्त घायाळ. अर्थ पार उलटा झाला होता! मामा म्हणायचे, सवाल असा टाकावा की समोरच्याला जवाब सापडेल, पण घाम फुटून. ज्याला जवाबच नाही तो सवाल त्यांच्या लेखी चोरी होती.

मग आम्ही दोघी पुन्हा बसलो. बार्डकडे ‘बार्डिक इन्स्पिरेशन’ असतं. करिष्मा १६ असेल तर दिवसाला तीन वेळा तो सोबत्याला सहा बाजूंचा एक जादा फासा देऊ शकतो. सवालाची किंमत म्हणून यातला एक वापर खर्च करायचा. शत्रूला ऐकू यायला हवं, भाषा कळायला हवी आणि त्याची बुद्धी निदान ६ हवी. म्हणजे ओगर सुटला, फायटरच्या वाट्याला परत आला. मग शत्रू निवडतो: जवाब द्यायचा की गप्प राहायचं. जवाब द्यायचा तर त्याची त्या फेरीतली रिअॅक्शन खर्च होते आणि बुद्धीचा फासा टाकावा लागतो. जमला तर सवाल वाया. गप्प राहिला किंवा चुकला, तर शाहिराच्या पुढच्या टर्नपर्यंत प्रत्येक सोबत्याच्या त्याच्यावरच्या पहिल्या हल्ल्यात तो सहा बाजूंचा फासा मिळवायचा. तो सरासरी साडेतीन देतो, आणि वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक एक म्हणजे पाच टक्के, तेव्हा नेम लागायची शक्यता साधारण साडेसतरा टक्क्यांनी वाढते. फार वाटतं? ‘ब्लेस’ नावाचा पहिल्या पातळीचा मंत्र तिघांना चार बाजूंचा फासा मिनिटभर देतो. आमचा फासा मोठा, पण एकाच फेरीपुरता, आणि शत्रूला तो चुकवता येतो. चालण्यासारखं आहे.

माझ्या मते यातली सगळ्यात चांगली गोष्ट नातीचीच. झील. शाहिराने सवाल टाकला की एखाद्या सोबत्याने स्वतःची रिअॅक्शन खर्च करून, तोंडाने खरोखर एक ओळ म्हणून झील धरायची. मग त्याने तो फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. साडेतीनची सरासरी जेमतेम साडेचारवर जाते. एकाने काय होतं? पण त्या एकासाठी मुलं ओरडायला लागली. डफ शाहिराकडे एकट्याकडेच राहिला नाही.

नातीने त्या मुलाला फोन केला. ये म्हणाली नाही. म्हणाली, ‘‘हा नियम मोडून दाखव.’’ तो आला, शत्रूच्या बाजूने बसला आणि अर्ध्या तासात मोडून दाखवला. लांबून बाण मारणाऱ्या शत्रूला रिअॅक्शनची फारशी गरजच नसते, तेव्हा तो दरवेळी जवाब देणार, त्याचं जातंय काय? बरोबर होतं त्याचं. न्यायसूत्रांत हरण्याच्या जागा, निग्रहस्थानं, २२ सांगितली आहेत. उत्तर न सुचणं, अप्रतिभा, ही त्यातली एकच. चुकीचं बोलून अडकण्याच्या जागा त्याहून कितीतरी जास्त. म्हणून आता चुकीचा जवाब मौनापेक्षा महाग केलाय: शत्रू चुकला तर झील धरायला रिअॅक्शन लागत नाही.

सहाव्या लेव्हलला पक्ष निवडायचा. कलगी घेतली तर फासा मिळालेला सोबती आपल्या निम्म्या वेगाने, मधे कुणाचा वार न लागता, जागा बदलू शकतो. शक्ती म्हणजे हालचाल. तुरा घेतला तर एकाग्रता टिकवण्याच्या फाशाला अॅडव्हान्टेज. शिव म्हणजे समाधी. पक्ष बदलता यावा असं दोन मुलांचं मत आहे. मला ते अजिबात पटत नाही. मामांच्या वेळी पक्ष बदललेल्याला कुणी सुपारी दिली नसती.

(प्रश्न : मॅडम, शत्रूने उलट सवाल विचारला तर?)

हं. विचारायलाच हवा, नाही का? कलगी-तुऱ्यात एकच बाजू रात्रभर विचारते असं कुठे असतं! चौदाव्या लेव्हलला तेच ठेवायचं चाललंय: शत्रूचा जवाब बरोबर आला तर त्याने सवाल टाकायचा, शाहीर अडकला तर फासा शत्रूला. पण मग शाहिराला मिळालं काय? लेव्हल चढून नवा तोटा कोण घेईल? एक मुलगी म्हणाली, शाहिराने तो उलट सवाल सोडवला तर खर्च झालेला वापर परत मिळावा. दुसरा म्हणाला, मग लढाई संपणारच नाही. परवाच्या रविवारी दोन्ही करून बघणार आहेत. ओगरच्या बाजूने मला बसवलंय.